साग आणि 'आडजात' : आष्टी परिसरातील मिश्र पानझडी वनाचा अभ्यास

आष्टीचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते ते १६ ऑगस्ट १९४२ च्या लढ्यामुळे. तो इतिहास शाळाशाळांतून सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु या तालुक्याच्या डोंगरांवर जे वन उभे आहे, त्यालाही इतिहास आहे आणि त्याचा अभ्यास मात्र आपल्याकडे क्वचितच होतो. आपल्या विद्यालयातून शिकून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांची गावे या वनाला लागून आहेत. मोहफुले, तेंदूपत्ता, चारोळी, सरपण, डिंक ही नावे त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाहीत. झाडांची नावे त्यांना ठाऊक असतात; अमुक झाड अमुक ठिकाणीच का उभे आहे आणि त्याच्या शेजारी कोण आहे, हा प्रश्न मात्र वर्गात सहसा विचारला जात नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने तो प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका शब्दाने. वनविभागाच्या आणि लाकूड व्यापाराच्या कागदपत्रांत इमारती लाकडाचे दोन भाग पाडलेले असतात : एक 'साग' आणि दुसरा 'आडजात'. साग सोडून जे काही उरते ते बहुतांशी आडजात. ऐन आडजात, धावडा आडजात, लेंडिया आडजात, सालई आडजात. व्यापाराच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी आहे, हे आम्ही जाणतो. तरीही ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या 'जात' या शब्दाचे ओझे वाहावे लागले, त्यांनी या शब्दापाशी क्षणभर थांबून विचार करणे स्वाभाविक आहे. निसर्गात खरोखरच अशी उतरंड आहे काय? वनाचा अभ्यास याचे उत्तर देतो.

१. भूमी, पाऊस आणि काळ

आष्टी, कारंजा आणि आर्वी या तालुक्यांतील डोंगर म्हणजे सातपुड्याच्या दक्षिणेकडे उतरत आलेल्या रांगा होत. त्यांचा खडक काळा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर पडून थरावर थर साचत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात जी तळी व दलदली निर्माण झाल्या, त्यांतील झाडे गाळात गाडली जाऊन दगड बनली. आपल्याच वर्धा जिल्ह्यातील नवरगाव परिसरात अशी अश्मीभूत लाकडे सापडली असून पुरावनस्पतिशास्त्राच्या अभ्यासात त्यांना स्थान मिळाले आहे. त्यांतील अनेकांचे नाते आज भरपूर पावसाच्या सदाहरित अरण्यांत वाढणाऱ्या वृक्षांशी जुळते. म्हणजे जेथे आज मे महिन्यात पान दिसत नाही, तेथे एकेकाळी बारमाही हिरवे अरण्य होते. भूखंड सरकला, हवामान पालटले आणि वनही पालटले.

आज येथे वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडांना जमिनीतल्या ओलाव्यावर काढावे लागतात. पाने गाळणे हा त्यावरचा उपाय आहे. पान नसेल तर पाणी उडून जात नाही. म्हणून या वनाला पानझडी वन म्हणतात. भारतातील वनांचे जे वर्गीकरण चॅम्पियन यांनी १९३६ साली केले आणि चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ साली सुधारले, त्यात असे वन दक्षिणेकडील उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वनांच्या गटात येते. आपल्या जिल्ह्यातील बोर अभयारण्य (१९७०), जे २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाले, तेही याच प्रकारच्या वनात आहे.

२. माथ्यापासून नाल्यापर्यंत

एखाद्या डोंगराच्या माथ्यावरून नाल्यापर्यंत सरळ उतरत गेल्यास, दीड-दोन किलोमीटरच्या आत चार वेगवेगळे वनस्पतिसमाज पाहावयास मिळतात. 'वनस्पतिसमाज' म्हणजे एकाच ठिकाणच्या माती, पाणी व प्रकाश यांवर एकत्र जगणाऱ्या वनस्पतींचा समूह.

माथ्यावर माती जेमतेम वीतभर असते आणि खाली दगड. तेथे सालई प्रमुख. तिची साल कागदासारखी सुटते, लाकूड मऊ असते आणि खोडातून सुगंधी राळ पाझरते. तिच्या सोबतीला मोवई, पांढऱ्या गुळगुळीत खोडाची कुलू आणि फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर पिवळीधमक फुले मिरविणारी गणेर. ही झाडे खोडात व मुळांत पाणी आणि अन्न साठवून ठेवतात. गुरे सालईला सहसा तोंड लावीत नाहीत आणि वणव्यातही ती टिकून राहते.

माथ्याखालच्या उतारावर मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. हे सागाचे स्थान. सागाला चुना असलेली माती मानवते आणि मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेला उताराचा मुरूम त्याला दोन्ही देतो. परंतु साग तेथे एकटा नसतो. ज्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते तो ऐन, तसेच धावडा, लेंडिया, बीजा, तिवस, तेंदू, चार, बेहडा, आवळा आणि अधूनमधून मोह अशी मोठी मंडळी त्याच्या आजूबाजूस असते. खालच्या थरात बांबूची बेटे आणि त्याहून खाली रोशा व कुसळी गवत.

डोंगर संपून सपाटी सुरू झाली की माती काळी व चिकट होते. पावसाळ्यात तीत पाणी तुंबते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. सागाला हे झेपत नाही. पळस, बोर, हिवर, बाभूळ आणि खैर यांना झेपते. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागी पवना व मारवेल यांची कुरणे. याच कुरणांवर गवळाऊ ही पांढऱ्या, चपळ गुरांची जात पोसली गेली. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा मूळ प्रदेश होय. गवळाऊ बैलाची कीर्ती ऐकलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे की ती कीर्ती काही अंशी येथल्या गवताचीही आहे.

शेवटी नाला. काठाच्या गाळमातीत उन्हाळ्यातही ओल राहते. तेथे अर्जुन, ज्याला कोणी कहू म्हणतात, तसेच जांभूळ, करंज, उंबर, कळम आणि शिंदी उभी असतात. आजूबाजूचा डोंगर उघडा पडलेला असताना नाल्याची ही हिरवी रेघ दुरून ओळखू येते. वर्धा नदीच्या काठचा असाच वृक्षपट्टा पूर्वी मोठा होता. ऊर्ध्व वर्धा धरणाच्या जलाशयाखाली त्याचा काही भाग गेला.

३. झाडाची जागा जन्माने ठरते काय?

वरील वर्णन वाचून एखाद्यास वाटेल की, प्रत्येक झाडाची जागा ठरलेली आहे आणि प्रत्येक समाजाला आपापली वेस आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांमध्येही याच प्रश्नावर मोठा वाद झाला. अमेरिकेतील फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली असे मांडले की, वनस्पतिसमाज हा एखाद्या सजीव देहासारखा असतो. त्याचे घटक म्हणजे अवयव. तो जन्मतो, वाढतो आणि ठरलेल्या पूर्णावस्थेला पोहोचतो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ साली त्यास विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक वनस्पतिजाती स्वतंत्रपणे, स्वतःच्या सहनशक्तीनुसार आणि बीज कोठे पडले यानुसार जागा मिळविते. ज्यांच्या गरजा जुळतात त्या शेजारी येतात, एवढेच.

बराच काळ ग्लीसन यांच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष झाले. पुढे रॉबर्ट व्हिटेकर यांनी अमेरिकेच्या ग्रेट स्मोकी पर्वतात डोंगर चढत-उतरत झाडांची मोजणी केली आणि १९५६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील कोरड्या धारेवर पाईन, त्याखाली ओक व हिकरी आणि ओलसर दरीत इतर अनेक वृक्ष, असा क्रम दिसतो. आपल्या सालई, साग व अर्जुन या क्रमाचीच आठवण व्हावी. परंतु मोजणीत वेस कोठेच सापडली नाही. एक जाती हळूहळू कमी होते, दुसरी हळूहळू वाढते. सगळ्या जाती एकाच रेषेवर येऊन एकदम थांबल्या, असे दिसले नाही. ग्लीसन यांचे मत पुष्कळ अंशी खरे ठरले.

आपल्या डोंगरावरही हेच दिसते. सालई माथ्यावर आहे ती कोणी तिला तेथे नेमले म्हणून नव्हे. चांगल्या मातीत इतर झाडे तिच्या वर जाऊन तिचा प्रकाश अडवितात. दगडावर त्यांचे काही चालत नाही, तिचे चालते. स्पर्धक नसेल तर सालई चांगल्या मातीत अधिक जोमाने वाढते. जागेवरून झाडाची योग्यता ठरविणे म्हणजे त्याला कोणती जागा नाकारली गेली, हे न पाहताच निकाल देणे होय. माणसांच्या बाबतीत असा निकाल किती शतके दिला गेला, हे या वाचकवर्गास वेगळे सांगण्याची गरज नाही.

उलट, माणसाने आपली उतरंड झाडांवर लादल्याचे पुरावे इतिहासात आहेत. परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या संस्कृत ग्रंथात नौकाबांधणीच्या लाकडाचे चार वर्ण सांगितले आहेत. हलके व मऊ लाकूड ब्राह्मण, हलके व कठीण ते क्षत्रिय, मऊ व जड ते वैश्य आणि कठीण व जड ते शूद्र. वेगवेगळ्या वर्णांच्या लाकडांची मिसळ करून बांधलेली नौका टिकत नाही, असेही तेथे म्हटले आहे. लाकडाचे गुण तपासणे हे शास्त्र झाले; त्या गुणांना वर्णाचे नाव देऊन मिश्रण अशुभ ठरविणे, हे समाजाने शास्त्रावर केलेले आरोपण झाले. वनाने मिश्रणाचा असा निषेध कधीही केलेला नाही.

४. सागाचे वर्चस्व कसे आले?

आज उतारावर सागच साग दिसतो, तो केवळ मातीमुळे नाही. यामागे माणसाचा हात आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी आष्टी, तळेगाव, पवनार हे परगणे मुहम्मदखान नियाझी या सरदाराच्या जहागिरीत होते. आष्टीतील मकबरे त्या काळाची साक्ष देतात. त्या काळापासून सपाटीचे रान शेतीखाली जात राहिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला मिळणारा कापूस थांबला, वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि कुरणांवरही नांगर फिरला. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, १८६२ साली वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला आणि १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली. रेल्वेला, पुलांना, इमारतींना लाकूड हवे होते, तेही टिकाऊ. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी वने सरकारच्या ताब्यात घेतली आणि त्यांच्या व्यवस्थापनात सागाला अग्रमान मिळाला. साग तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो आणि आगीतही तग धरतो. सागाला राखायचे आणि इतरांना विरळ करायचे, हे धोरण दीर्घकाळ चालले. 'आडजात' हा शब्द या हिशेबात रुजला.

हा हिशेब केवळ लाकडाच्या घनफुटांचा होता. घरातील चुलीचा हिशेब केला असता तर उत्तर उलटे आले असते. तेंदूच्या पानाची विडी होते. मोहाचे फूल अन्न आहे आणि बियांचे तेल निघते. चाराची चारोळी बाजारात चांगला भाव मिळविते. धावड्याचा व कुलूचा डिंक, सालईची राळ, पळसाच्या पानांच्या पत्रावळी, पळस व कुसुमावरील लाख, आवळा, बेहडा ही सारी 'आडजाती'ची देणी आहेत. ऐन व अर्जुनाच्या पानांवर टसरचा किडा पोसला जातो, ज्यावर पूर्व विदर्भातील ढिवर कुटुंबे उपजीविका करीत आली. सागाच्या ओंडक्याचा पैसा लिलावातून तिजोरीत गेला. उन्हाळ्यातील रिकाम्या पोटाला आधार दिला तो आडजात झाडांनी. गावकुसाबाहेरच्या भूमिहीन वस्तीला आणि गोंड, कोलाम बांधवांना हे अनुभवाने माहीत आहे.

या संदर्भात एक दुवा विदर्भातील आपल्या चळवळीशी थेट जोडलेला आहे. तेंदूचे पान जंगलातून निघाले की ते विडी कारखान्यांत जाई. तेथे पान कापणारे व विडी वळणारे हात बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या स्त्री-पुरुषांचे होते. कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांनी या विडी कामगारांना संघटित केले आणि १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. वनाच्या कागदावर ज्या झाडाला स्वतःचे नाव नव्हते, त्याच्या पानाशी एका मोठ्या संघटनेचा इतिहास निगडित आहे.

५. मिश्र वन का टिकते?

एकाच जातीवर विसंबणे किती घातक असते, याचे उदाहरण व्हिटेकर यांनी अभ्यासलेल्या पर्वतातच मिळते. तेथे चेस्टनट हा अत्यंत उपयुक्त आणि संख्येने मोठा वृक्ष होता. १९०४ साली न्यूयॉर्क येथे त्याच्यावर परदेशातून आलेल्या बुरशीचा रोग आढळला आणि सुमारे पन्नास वर्षांत त्या खंडातील जवळजवळ सर्व मोठे चेस्टनट मरून गेले. परंतु डोंगर उघडे पडले नाहीत. शेजारी उभे असलेले ओक, हिकरी व इतर वृक्ष मोकळ्या जागेत वाढले. वन वाचले ते मिश्र होते म्हणून.

आपल्याकडे पावसाळ्यात सागावर पाने खाणारी अळी पडते आणि काही दिवसांत पानांच्या केवळ शिरा उरतात. निव्वळ सागाच्या लागवडीत अशा वेळी सारा डोंगर करपल्यासारखा दिसतो. मिश्र वनात ऐन, धावडा, बेहडा हिरवेच असतात. शिवाय प्रत्येकाची मुळे वेगळ्या खोलीवर जातात, प्रत्येकाची फुले वेगळ्या महिन्यात येतात आणि म्हणून मधमाशीला, पाखराला, माणसाला वर्षभर काही ना काही मिळत राहते.

आज या मिश्रणाला तीन बाजूंनी धोका आहे. पहिला वणव्याचा. मोहफुले वेचणे सोपे व्हावे किंवा तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून पाचोळा पेटविला जातो. मोठी झाडे वाचतात, रोपे जळतात. बियाही तेलासाठी वेचल्या गेल्याने मोहाची जुनी झाडे उभी आहेत, पण त्यांच्याखाली रोपे नाहीत. दुसरा धोका घाणेरी व रानतुळस या परदेशी झुडपांचा. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून भारतात आणली गेली. आज ती रिकाम्या जागेत शिरून गवताला व रोपांना वाढू देत नाही. तिसरा धोका आपल्या दृष्टीचा : झाडे लावायची म्हटली की एकाच जातीची रोपे रांगेत लावणे आणि त्याला वन म्हणणे.

सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात वने निष्कारण जाळू नयेत अशी आज्ञा दिली आहे. सातव्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचा व आमराया वाढविल्याचा उल्लेख आहे, तर दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व जनावरांसाठी उपयुक्त औषधी वनस्पती, जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्याचे नमूद आहे. संयुत्त निकायात उपवने लावणाऱ्या, पाणपोई व विहिरी करणाऱ्या माणसाचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असे बुद्धवचन आहे. धम्माचा हा वारसा आपल्या डोंगराच्या पायथ्याशी आचरणात आणणे शक्य आहे.

६. अभ्यास व कृती

विद्यार्थ्यांनी पुढील अभ्यास करावा, असे आम्ही सुचवितो. दोरीने दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद चौकट आखावी. एक माथ्यावर, एक उतारावर, एक नाल्याकाठी. प्रत्येक चौकटीतील मोठी झाडे जातवार मोजावीत आणि रोपे वेगळी मोजावीत. ज्या जातीची झाडे आहेत पण रोपे नाहीत, तिच्यापुढे खूण करावी. हीच मोजणी त्याच जागी पाच वर्षांनी पुन्हा करावी. वनाचे भवितव्य मोठ्या झाडांत नसून रोपांच्या रकान्यात दिसते.

विद्यालयाच्या आवारात लागवड करताना एका जातीची शंभर रोपे लावण्याऐवजी दहा जातींची दहा-दहा लावावीत आणि जमीन पाहून लावावीत. चिकट काळ्या भागात पळस व बोर, निचऱ्याच्या भागात ऐन, बेहडा, आवळा, चार, ओलीच्या कडेला अर्जुन, जांभूळ, करंज. मोहाच्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून बी गोळा होताच पहिल्या पावसात पेरावे. साग लावू नये असे आमचे म्हणणे नाही. त्याने इतरांमध्ये मिसळून उभे राहावे.

पालक व माजी विद्यार्थ्यांसाठी आणखी एक काम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. परंतु जे अनुसूचित जमातीचे नाहीत अशा वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या नावावर सातबारा कधी नव्हताच, अशा कुटुंबांना हे फार जड जाते. तथापि, दावेदारांखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हा पुराव्याचा एक मान्य प्रकार आहे. कोणत्या टेकडीवरून मोहफुले आणली जात, कोणत्या नाल्याकाठची जांभळे वस्तीत वाटली जात, चारोळी कोठे फोडली जाई, हे सांगणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचे निवेदन दिनांक, ठिकाण आणि झाडांच्या नावांसह लिहून घ्यावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची एक प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. नोंद करताना प्रत्येक झाडाचे नाव स्वतंत्रपणे लिहावे : ऐन, धावडा, लेंडिया, सालई, चार. 'आडजात' असा रकाना त्या वहीत असू नये.